नळाला पक्ष नसतो, हे अर्धंच खरं

नाशिक महापालिकेच्या निवडणुकीच्या तोंडावर आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा यायचा. निवडणूक झाली तरी तो फिरतोच आहे. मजकूर थोडक्यात असा: नळाला पक्ष नसतो, गटाराला झेंडा नसतो. ग्रामपंचायतीला पक्षचिन्ह नाही, मग महापालिकेला कशाला? चिन्हं बंद करा, माणूस बघून मत द्या. व्हीपच्या, म्हणजे पक्षादेशाच्या, धाकाने नगरसेवक गप्प बसतात. प्रशासक होते तेव्हा राजकारण नव्हतं आणि कामं होत होती.

पाठवणारी माणसं भली आहेत. खड्डे आणि गोदावरीचं पाणी बघून ती कंटाळली आहेत. त्यांचा राग बराचसा माझाही आहे. पण सुचवलेला उपाय चुकीचा आहे, आणि तो अमलात आला तर पहिलं नुकसान आपल्यासारख्या मतदाराचंच होईल.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो प्रयोग नाशिकने नुकताच अनुभवला आहे. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला आणि मतदान व्हायला १५ जानेवारी २०२६ उजाडला. मधली जवळजवळ चार वर्षं महापौर नाही, महासभा नाही, स्थायी समिती नाही. आयुक्त हेच प्रशासक. महासभेचा ठराव त्यांनीच मंजूर करायचा आणि त्याची अंमलबजावणीही त्यांनीच करायची. मेसेजवाल्यांना हवा तसा पक्षाविना कारभार तो हाच.

त्या काळात काय घडलं? २०२५ च्या अखेरीस सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या वस्तीसाठी, तपोवनातल्या झाडांवर कुऱ्हाड येणार असं दिसू लागलं. लोकांनी हरकती नोंदवल्या, तपोवनात जाऊन उभे राहिले. पण सभागृहात उठून "हा विषय कुणी आणला, पर्यायी जागा पाहिली का" असं विचारणारा एकही निवडून आलेला माणूस शहराकडे नव्हता. कोण बाजूने, कोण विरोधात, याची इतिवृत्तात नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सभाच नव्हती. मग लोकांनी दडपण आणलं ते पक्षांवर. पालिका निवडणूक जवळ आली होती, पक्षांना भूमिका घेणं भाग होतं.

राजकारण नव्हतं हेही खरं नाही. आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करतं आणि राज्य सरकार पक्षांचंच असतं. त्या चार वर्षांत राजकारण पालिकेच्या राजीव गांधी भवनातून उठून मंत्रालयात गेलं, एवढाच फरक पडला. सिडकोतल्या किंवा सातपूरच्या माणसाला ते तिथे दिसत नाही आणि तिथल्या माणसाला मत देऊन घरीही बसवता येत नाही.

ग्रामपंचायतीचा दाखला तर आपल्याच जिल्ह्यात तपासून पाहण्यासारखा आहे. कायद्याने तिथे पक्षचिन्ह नाही, हे बरोबर. पण देवळा तालुक्यातलं उमराणे आठवा. २०२० च्या डिसेंबरात तिथे सरपंचपदाची बोली लागली. मंदिराच्या कामासाठी म्हणून दोन कोटी पाच लाखांवर ती थांबली. राज्य निवडणूक आयोगाने पुढच्याच महिन्यात तिथली निवडणूक रद्द केली, नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीचीही. तिथे कुठल्याही पक्षाचं चिन्ह नव्हतं. गावाच्या भल्याचं नाव होतं, एकमताची भाषा होती, आणि जो बोली लावू शकत नाही त्याला उमेदवारीचा दरवाजाच बंद होता. पक्ष वाईट माणसाला तिकीट देतो हे मला मान्य आहे. पण पक्ष काढला की ती जागा मोकळी राहत नाही. तिथे पैसा, भावकी आणि जात येऊन बसते, आणि यांचा जाहीरनामा नसतो.

बाकी गावांतही पॅनल असतातच. कोणतं पॅनल कुणाचं हे अख्ख्या गावाला माहीत असतं, आणि निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष आपल्या सरपंचांचा आकडा सांगतो. तरी गावाचं एक वेळ चालून जातं, कारण सात ते सतरा सदस्यांच्या ग्रामपंचायतीत उमेदवाराच्या आज्यापासूनचा इतिहास लोकांना ठाऊक असतो. नाशिकची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १४ लाख ८६ हजार होती. २०१७ मध्ये १२२ नगरसेवक ३१ प्रभागांतून निवडून गेले, म्हणजे एका प्रभागात सरासरी अठ्ठेचाळीस हजार माणसं. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, म्हणून एका मतदाराला चार मतं द्यायची. अशा प्रभागात "माणूस बघून" म्हणजे नेमकं काय बघायचं? मला माझ्या मजल्यावरच्या सगळ्यांची नावं सांगता येतात, पण प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांची कुंडली मला माहीत नाही. कुणालाच नसते. शेवटी दिसतो तो फ्लेक्सवरचा चेहरा, आणि फ्लेक्स परवडतो त्याचाच चेहरा दिसतो.

चिन्हाचा मला सगळ्यात मोठा उपयोग वाटतो तो हिशेब मागण्यासाठी. २०१२ मध्ये नाशिकने मनसेला ४० जागा देऊन सर्वांत मोठा पक्ष केलं आणि महापौरपद त्यांच्याकडे गेलं. पाच वर्षांनी त्याच नाशिकने त्यांना ५ जागांवर आणलं. तो निकाल न्याय्य होता की नाही यावर वाद घाला, पण शहराने एका कारभाराबद्दल एक निवाडा दिला. १२२ सुटे अपक्ष असते तर प्रत्येकाने "मी मांडलं होतं, बाकीच्यांनी ऐकलं नाही" एवढंच सांगितलं असतं, आणि ते खोटं ठरवण्याचा मार्ग आपल्याकडे नसता. २०१७ च्या प्रचारात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नाशिक दत्तक घेण्याची घोषणा केली. भाजपला ६६ जागा मिळाल्या. ती घोषणा विरोधक पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यासमोर धरत राहिले. अपक्षाच्या आश्वासनाला इतकं आयुष्य नसतं, तो पुढच्या वेळी उभाच राहत नाही.

आता नळ. पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं, जलवाहिनी इंजिनिअर टाकतो, इथवर पक्ष नाही हे खरं. पण नवी टाकी आधी कुठे बांधायची, घरपट्टी किती वाढवायची, झोपडपट्टीत नळजोडणी द्यायची की नाही, ही उत्तरं इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नाहीत. सिटीलिंकच घ्या. पूर्वी शहर बससेवा एसटी चालवायची, जुलै २०२१ पासून ती पालिकेची झाली. बस तोट्यात चालते आणि तो तोटा पालिकेच्या तिजोरीतून भरला जातो. कुणी म्हणेल फेऱ्या कमी करा, तिकीट वाढवा. मी म्हणेन की नाशिकरोडहून अंबडला कामावर जाणाऱ्या माणसासाठी हा तोटा शहराने सोसलाच पाहिजे. दोन्ही मतं प्रामाणिक आहेत, आणि अशा मतभेदालाच राजकारण म्हणतात. ते उघडपणे, नाव आणि चिन्ह लावून झालं तर मला निवड करता येते.

व्हीपच्या मुद्द्यात मात्र दम आहे. १९८६ च्या अनर्हता कायद्याने पक्षादेशाविरुद्ध मतदान करणाऱ्या नगरसेवकाचं पद जाऊ शकतं. ऑगस्ट २०१८ मध्ये करवाढीवरून सत्ताधारी भाजपच्या नगरसेवकांनी आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव आणला आणि मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून तो मागे घेतला. नोव्हेंबरात मुंढेंची बदली झाली. ठराव बरोबर होता की आयुक्त, यावर शहर दुभंगलं होतं. पण निर्णय सभागृहात मतदानाने झाला नाही, तो मुंबईत झाला, हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं.

तरी त्यावर उपाय चिन्ह काढणं नाही. स्थायी समितीच्या सोळा जागा तौलनिक संख्याबळानुसार वाटल्या जातात. चिन्हं काढली तरी निकालानंतर गट आणि आघाड्या होणारच, फक्त त्या मतदानानंतर होतील, आपल्याला न विचारता. महापौर निवडीआधी नगरसेवकांना सहलीला नेण्याची रीत आत्ताच आहे, बांधिलकी नसेल तर ती वाढेल. त्यापेक्षा व्हीप महापौर निवड आणि अंदाजपत्रकापुरता ठेवा, बाकी विषयांवर नगरसेवकाला मोकळं सोडा. पक्षाने आधी परवानगी दिली तर वेगळं मत द्यायला कायदा आजही आडवा येत नाही. ही मागणी आपण पक्षांकडे करू शकतो. उमेदवारीचीही. पक्षाची अधिकृत उमेदवारी देणाऱ्या एबी फॉर्मची वाट बघत शेवटच्या तासापर्यंत इच्छुक ताटकळतात आणि प्रभागाला कुणी विचारत नाही, ही पद्धत बदलायला हवी.

आणखी एक गोष्ट हाताशी आहे. महापालिका कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांसमोर बसायचं. पक्षाचा असो वा अपक्ष. आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना ती सभा घेण्याची मागणी करणारं पत्र मी लिहिलं आहे. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी ज्यांना सही करायची असेल त्यांच्यासाठी रविवारी सकाळी दहाला ते सोसायटीच्या ऑफिसात ठेवतो.