काळ्या पट्ट्या राहू द्या, चित्र कापू नका

सिनेमा लावला आणि वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘अरे, स्क्रीन फुल कर ना.’ मग रिमोटवरून झूम होतं आणि सिनेमाचा पाव भाग पडद्याबाहेर जातो. पाव हा शब्द मोजून लिहिलाय.

४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंमी रुंद आणि ५३.५ सेंमी उंच असतो. हेच ते १६:९, म्हणजे उंचीच्या १.७८ पट रुंदी. सिनेमास्कोप या रुंद पडद्यासाठीच्या पद्धतीची चौकट मात्र २.३५ ते २.३९ पट रुंद. ती ९५ सेंमीत पूर्ण बसवली की चित्राची उंची ४० सेंमी होते आणि वर-खाली पावणेसात सेंमीच्या दोन पट्ट्या उरतात. पट्टी घालवायला झूम केलंत तर तेच चित्र १२८ सेंमी रुंद होतं. पडदा ९५चाच. दोन्ही बाजूंचे सोळा-सोळा सेंमी गेले. चौकटीच्या दोन टोकांना दोन माणसं उभी करून घेतलेला प्रसंग असेल, तर त्यांच्यामधली भिंत तेवढी नीट दिसते. भारतात सिनेमास्कोप १९५९ साली ‘कागज के फूल’पासून आला. तेव्हापासून कॅमेरामन ती रुंदी विचार करून भरतात, ती उरलीसुरली जागा नसते.

जुन्या मराठी सिनेमांचे हाल तर याहून वाईट. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. त्या काळची चौकट जवळपास चौकोनी, उंचीच्या १.३७ पट. ४३ इंचीवर हे चित्र ७३ सेंमी रुंद दिसायला हवं आणि डावी-उजवीकडे काळं राहायला हवं. पण अशा सिनेमांच्या ऑनलाइन प्रती कुणी ताणून टाकतं, कुणी कापून. ताणलं की प्रत्येक चेहरा तीस टक्के रुंद होतो. कापलं की उंचीतला जवळपास पाव भाग जातो: वरून पगड्या, खालून पाय. कृष्णधवल सिनेमा असा बघून ‘जुने नट जाडे दिसायचे’ असं मत होतं, याचं खरंच वाईट वाटतं.

ओळखायचं कसं? गोल वस्तू शोधा. चंद्र, गाडीचं चाक, ताट. ते आडवं लंबवर्तुळ दिसलं तर चित्र ताणलेलं आहे. श्रेयनामावलीतल्या वरच्या-खालच्या ओळी तुटल्या असतील, तर कापलेलं. ताणलेली प्रत दुरुस्त होते: टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये ४:३, म्हणजे जवळपास तीच जुनी चौकट, निवडा. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये इंग्रजी ए हे बटण ४:३ येईपर्यंत दाबत राहा. कापलेली प्रत मात्र कशानेच परत येत नाही, दुसरी शोधावी लागते.

घरातली सगळ्यात मोठी गडबड होते ती सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही दोघंही चित्र ‘सुधारायला’ लागतात तेव्हा. बॉक्स ४:३ वर आणि टीव्ही फुलवर असेल, तर एक आवळतो आणि दुसरा ताणतो. आधी बॉक्सच्या सेटिंगमध्ये १६:९ करा. मग टीव्हीवर फुल किंवा १६:९ ठेवा, झूम आणि ऑटो वाइड बंद. त्यानंतर ओव्हरस्कॅन बघा. काही टीव्ही मुळातच कडेचं थोडं चित्र खातात. फिट टू स्क्रीन, जस्ट स्कॅन, फुल पिक्सेल अशी त्या सेटिंगची कंपनीगणिक नावं आहेत. ते चालू करा.

झूम योग्य ठरतो अशी एक जागा आहे. जुन्या व्हीसीडी आणि काही डीव्हीडींत सिनेमास्कोप चित्र ४:३ चौकटीत पट्ट्यांसकट छापलेलं असतं. ते आजच्या टीव्हीवर लावलं की चारही बाजूंना काळं आणि मधे लहानसं चित्र. तिथे बेलाशक झूम करा, फक्त काळाच भाग कापला जातो. खालच्या पट्टीत सबटायटल असतील तर ती तुटतील, एवढं लक्षात ठेवा. चित्र मात्र धूसरच दिसणार, कारण व्हीसीडीत मुळात २८८ आडव्या ओळी आणि त्यातल्या जेमतेम १६० चित्राच्या.

‘फुल स्क्रीन’ म्हणजे दर वेळी कापलेलंच, असंही नाही. काही सिनेमे उंच चौकटीत चित्रित करून थिएटरात वर-खाली झाकून दाखवतात. त्यांच्या फुल स्क्रीन प्रतीत उलट जास्त दिसतं, कधी वर लोंबणारा माइकसुद्धा. तरी माझं मत थिएटरातल्या चौकटीलाच.

चित्र लहान वाटतं ही तक्रार खरी आहे, पण त्यावर उपाय झूम नाही. टीव्ही नवा घेणारच असाल तर मोठा घ्या किंवा खुर्ची पुढे ओढा. ५५ इंचीवर सिनेमास्कोप चित्राची उंची ५१ सेंमी भरते, म्हणजे ४३ इंचीच्या अख्ख्या पडद्याएवढी जवळपास. आणि खोलीतला दिवा मालवा. अंधारात त्या पट्ट्या पाच मिनिटांत दिसेनाशा होतात.