ब्रह्मगिरी झोपलेला ज्वालामुखी नाही, आणि आत्याच्या माठातला खडा

आत्याकडे पाणी प्यायला माठात ओगराळं घातलं, तर तळाशी खट्ट वाजलं. "अगं, तो राहू दे. पांडवलेण्याजवळचा स्फटिक आहे, लाव्ह्याची ऊर्जा असते त्यात," असं म्हणून तिने फोनच पुढे केला. नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय तोच मेसेज. ब्रह्मगिरी हा झोपलेला ज्वालामुखी, आपला काळा दगड म्हणजे त्याचा ताजा लाव्हा, पेठ-सुरगाण्याकडचे धक्के म्हणजे त्याची चुळबूळ, आणि इथला स्फटिक घातलेलं पाणी प्यायलं की सांधे मोकळे होतात. खाली खडे मागवायचा नंबर. आत्याने अकराशे रुपये मोजलेत.

आधी माठाचं बघू, कारण तो पोटात जातो. खडा सुंदर आहे, नाही म्हणत नाही: फिकट गुलाबी, मधोमध बांधलेल्या पेंढीसारखा, म्हणजे बहुधा स्टिल्बाइट, झिओलाइट गटातलं एक खनिज. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून फिरणाऱ्या गरम पाण्यात विरघळलेली खनिजं त्या पोकळ्यांत साचून असे स्फटिक झाले. लाव्हा केव्हाच थिजला होता, त्याची ऊर्जा यात कुठून येणार? या गटातली खनिजं पाणी मऊ करायला वापरतात, हे मात्र खरं आहे, कपड्यांच्या पावडरीतही असतात. मेसेजवाल्याने एवढंच कुठेतरी वाचलं असावं. पण ते काम बारीक दाण्यांचं, आणि त्याचा सांध्यांशी संबंध नाही. शिवाय विकायचे खडे बऱ्याचदा आम्लात धुऊन चकचकीत करतात. असला खडा पिण्याच्या पाण्यात?

आता ब्रह्मगिरी. ज्वालामुखी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टोकदार डोंगर आणि वर धुराचं भोक येतं. दख्खनचा लाव्हा तसा आलाच नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तो वाहिला आणि थरावर थर पसरत गेला. त्र्यंबकच्या बाजूने कड्याकडे नीट बघा: उभा कडा, मग सपाटी, पुन्हा कडा. हे थर आहेत. दख्खनच्या या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय, तो याच पायऱ्यांमुळे. पावसापाण्याने मधलं सगळं झिजवून नेलं आणि जे उरलं त्याला आपण ब्रह्मगिरी, अंजनेरी, सप्तशृंगी म्हणतो. उरलेला तुकडा कुठून फुटणार?

'ताजा लाव्हा' तर कहरच. 2019 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दोन वेगळ्या गटांनी या लाव्ह्याचं वय मोजून छापलं. एकाने लाव्ह्याच्या थरांमधल्या झिरकॉन नावाच्या खनिजाच्या कणांतलं युरेनियम आणि शिसं मोजलं (युरेनियमचं ठरावीक गतीने शिसं होतं), दुसऱ्याने दगडात साठत जाणारा आरगॉन वायू. दोघांच्या मोजणीत लाव्ह्याचा मोठा भाग सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या, जेमतेम दहा लाख वर्षांच्या काळात येतो. पांडवलेणी कोरून दोन हजार वर्षं झाली. त्या कारागिरांनाही हा दगड गारच लागला असणार. शिवाय ज्या तप्त जागेवरून, म्हणजे खोलातून उष्णता वर येते अशा ठिकाणावरून, तेव्हा आपला भूभाग सरकत होता, ती आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली मानली जाते. तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. आपण उत्तरेला निघून आलो.

धक्के बसतात, ते नाकारत नाही. पण भूकंपाला ज्वालामुखी लागत नाही. 1993 मध्ये किल्लारी हादरली, तिथे कुठला ज्वालामुखी होता? जमिनीखालच्या खडकांत ताण साठतो, जुन्या भेगांवर तो सुटतो. मेसेजवाल्याला काळजीच असती तर त्याने घरं मजबूत करायला सांगितलं असतं, खडे विकले नसते.

माठ मी घासून उन्हात पालथा घातलाय. खडा शोकेसमध्ये, गणपतीशेजारी. आत्या रुसली आहे, पण नंबर ब्लॉक करू दिला.