टीव्हीखालचा संगणक विंडोज ११ वर न्यावा का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी सावकाश दोनदा वाचली. माझ्या आधीच्या लेखात मी असे म्हटले होते की, टीव्हीला कायमचा जोडलेला, विंडोज १० वर चालणारा जुना संगणक विंडोज ११ वर नेण्याची घाई करू नये; त्याऐवजी एक तर वाढीव मुदतीच्या सुरक्षा अपडेट्सची नोंदणी करावी किंवा त्यावर लिब्रेएलेक ही टीव्हीवर चित्रपट वगैरे पाहण्यापुरती असलेली लिनक्स प्रणाली बसवावी. यावर आपण चार आक्षेप घेतले आहेत. जुन्या प्रणालीवर राहायला सांगणे हा बेजबाबदारपणा आहे. अपात्र ठरवलेल्या संगणकावरही विंडोज ११ व्यवस्थित बसते आणि आपण स्वतः तीन संगणकांवर ते बसवले आहे. लिब्रेएलेकवर ओटीटी चालत नाही, त्यामुळे सामान्य घराला त्याचा उपयोग नाही. आणि चित्र सेकंदाला चोवीस फ्रेमचे की पंचवीस, याचा मी केलेला ऊहापोह हौशी लोकांपुरता आहे, घरच्यांना त्यातले काही दिसत नाही.

पहिल्या आक्षेपापुरती चूक माझी आहे. ‘टीव्हीच्या संगणकात चोरण्यासारखे काही नसते’ हे वाक्य मी लिहायला नको होते आणि ते मी लेखातून काढले आहे. त्या संगणकात चित्रपटांपलीकडे काही नसले, तरी तो घरातल्या त्याच राउटरला जोडलेला असतो ज्यावर बँकेची कामे करण्याचा लॅपटॉपही असतो, आणि चित्रपट कॉपी करणे सोपे जावे म्हणून आपण बहुतेक जण त्याचे फोल्डर सगळ्या घराला खुले ठेवतो. मे २०१७ मध्ये फाइल ओलीस धरून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला तो याच फाइल-शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या छिद्रातून. ते बुजवणारे अपडेट मार्चमध्येच उपलब्ध होते आणि ज्यांनी ते घेतले नव्हते त्यांनाच फटका बसला. त्याच मे महिन्यात कोडी आणि व्हीएलसी यांसारख्या व्हिडिओ प्लेअरमध्येही असा दोष उघड झाला की, मुद्दाम बिघडवलेली सबटायटलची फाइल उघडली तरी संगणकाचा ताबा दुसऱ्याकडे जाऊ शकत होता. म्हणजे धोका प्रणालीतून येतो तसाच प्लेअरमधूनही येतो, आणि टीव्हीचा संगणक त्याला अपवाद नाही.

मात्र मी सुचवलेला मार्ग सुरक्षेशिवाय राहण्याचा नव्हता. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे खरे. पण घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने आणखी एका वर्षाच्या, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या सुरक्षा अपडेट्सची सोय जाहीर केली. त्यासाठी संगणक २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर असावा लागतो आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करावे लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर ठेवण्यास संमती दिली तर पैसेही पडत नाहीत. या वर्षात विचार करून, तपासून निर्णय घेता येतो. मी जी मुदत मागत होतो ती एवढीच.

आता दुसरा आक्षेप. आपल्या तिन्ही संगणकांवर विंडोज ११ चालते आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे. टीपीएम २.० या सुरक्षा चिपची आणि प्रोसेसरची अट ओलांडून ते बसवता येते हे मी कधी नाकारलेही नव्हते. माझा प्रश्न पुढच्या वर्षाचा आहे. अशा संगणकांना अपडेट मिळण्याची हमी नाही, हे मायक्रोसॉफ्टने सुरुवातीपासून सांगितले आहे, आणि ही केवळ कागदावरची सूचना नव्हती. २०२४ मध्ये २४एच२ ही आवृत्ती आली तेव्हा तिला पॉपकाउंट नावाची आज्ञा (इन्स्ट्रक्शन) समजणारा प्रोसेसर लागू लागला. त्यामुळे तोवर २३एच२ या आधीच्या आवृत्तीवर सुरळीत चाललेले कोअर २ ड्युओ या जुन्या इंटेल प्रोसेसरचे संगणक तिथेच अडले, आणि त्या २३एच२ चा घरगुती आवृत्तीचा आधारही ११ नोव्हेंबर २०२५ रोजी संपला. आपला सहाव्या पिढीचा आय-५ आणि माझा चौथ्या पिढीचा प्रोसेसर या विशिष्ट अटीत अडकत नाहीत. पण पुढची अट कोणती असेल हे आपल्या हातात नाही. कामाच्या टेबलावरच्या संगणकात अशी अडचण आली तर आपण बसून ती सोडवतो. दिवाणखान्यातल्या संगणकापाशी माऊस आणि कीबोर्डही नसतो, आणि संध्याकाळी त्यासमोर बसणारी व्यक्ती बहुधा आपण नसून घरातले कोणी दुसरेच असते.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण निर्णयात तिला मी सर्वांत जास्त वजन देतो. संगणकाची चिप कोणता व्हिडिओ स्वतःच्या बळावर उलगडू शकते हे प्रणाली बदलल्याने बदलत नाही. एचईव्हीसी आणि एव्ही१ या व्हिडिओ आटोपशीर साठवण्याच्या पद्धती आहेत. सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये आठ-बिट एचईव्हीसीची पूर्ण सोय आहे, रंगांच्या जास्त छटा देणाऱ्या दहा-बिटची नाही. ती सातव्या पिढीपासून आली, आणि एव्ही१ ची सोय अकराव्या पिढीपासून. आपण लिहिले आहे की चार-के फाइल अडखळत चालतात आणि विंडोज ११ वर गेल्यावर त्या सुधारतील अशी आपली अपेक्षा आहे. त्या फाइल दहा-बिट असतील, आणि हल्लीच्या चार-के फाइल बहुधा तशाच असतात, तर विंडोज १०, विंडोज ११ आणि लिब्रेएलेक या तिन्हींवर त्या सारख्याच अडखळतील. तिथे ग्राफिक्स कार्ड बदलणे किंवा नवीन छोटा संगणक घेणे एवढाच उपाय आहे. उलट दिशेचेही उदाहरण आहे. अल्ट्रा एचडी ब्लू-रे, म्हणजे चार-के चित्रपटांची डिस्क, संगणकावर अधिकृतपणे पाहण्यासाठी इंटेलची एसजीएक्स ही प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय लागते आणि डेस्कटॉपच्या अकराव्या पिढीपासून इंटेलने ती काढून टाकली. म्हणजे ज्यांच्याकडे अशा डिस्क आहेत त्यांनी नवा संगणक घेतला तर चित्र सुधारण्याऐवजी डिस्कच बंद पडेल.

ओटीटीबद्दलचे आपले म्हणणे वस्तुस्थिती म्हणून बरोबर आहे. लिब्रेएलेक म्हणजे कोडी चालवण्यापुरती ठेवलेली लिनक्स प्रणाली आहे. नेटफ्लिक्स किंवा तत्सम सेवांची अधिकृत अ‍ॅप्स तिच्यावर नाहीत आणि तिसऱ्यांनी लिहिलेल्या अ‍ॅड-ऑनवर घराने अवलंबून राहावे असे मी म्हणणार नाही. परंतु यावरून विंडोजवर राहावे असा निष्कर्ष निघत नाही. विंडोजवरही नेटफ्लिक्सचे चार-के चित्र हवे असेल तर किमान सातव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आपला आणि माझा दोन्ही संगणक तिथे बाद होतात. टीव्हीतले स्वतःचे अ‍ॅप किंवा एचडीएमआयला लावायची साधी स्टिक हे काम जुन्या संगणकापेक्षा चांगले करते. ज्या घरात फक्त ओटीटी पाहिले जाते त्या घराला या संगणकाची गरजच नाही, आणि हे मी आधीच्या लेखात स्पष्ट लिहायला हवे होते.

मग संगणक ठेवायचा कशासाठी? माझ्या घरी त्याची दोन कामे आहेत. इमारतीच्या गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे, ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येणाऱ्या बहुतेक वाहिन्यांना कुलूप नसल्यामुळे उपग्रहाचे डिजिटल प्रक्षेपण पकडणाऱ्या साध्या डीव्हीबी-एस२ ट्यूनरने सह्याद्री वाहिनी थेट संगणकात येते आणि रेकॉर्डही होते. हा ट्यूनर ज्यांनी बनवला त्यांनी विंडोज ७ नंतर त्याचा नवा ड्रायव्हर दिलेला नाही. विंडोज १० वर तो कसाबसा चालत असे आणि मोठे अपडेट आले की प्रत्येक वेळी त्याची पुन्हा मनधरणी करावी लागे. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, त्याच्या चिपचा ड्रायव्हर आधीपासून आहे. लिब्रेएलेकमध्ये ट्यूनरच्या वाहिन्या दाखवणारा टीव्हीहेडएंड हा प्रोग्रॅम बसवल्यावर तो पहिल्याच दिवशी ओळखला गेला. माझा कल लिब्रेएलेककडे झुकला त्याचे निम्मे कारण हा ट्यूनर आहे, आणि ज्यांच्याकडे ट्यूनर नाही त्यांना हे कारण लागू पडत नाही, हेही मी मान्य करतो.

दुसरे काम नाटकांचे. वडिलांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी मी हार्ड डिस्कवर उतरवून ठेवल्या आहेत, आणि आपला चौथा आक्षेप मला पटत नाही तो त्यांच्यामुळे. आपल्याकडची ही चकत्यांवरची नाटके पाल पद्धतीची, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमची आहेत. व्हीसीडीचे चित्र तर जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. विंडोज टीव्हीला सहसा ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करण्यावर, ठेवते. २५ फ्रेम ६० मध्ये बसवायच्या तर कोणती फ्रेम दोनदा आणि कोणती तीनदा दाखवावी लागते, आणि रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कॅमेरा वळला की पात्रे पुसट झटके घेत सरकतात. टीव्ही ५० हर्ट्झवर आला की प्रत्येक फ्रेम नेमकी दोनदा दिसते आणि हालचाल सरळ होते. मी आईला यातले काहीही न सांगता एकच अंक दोन्ही प्रकारे दाखवला. फ्रेम म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही, पण दुसऱ्यांदा तिने ‘आता डोळ्यांना त्रास होत नाही’ असे सांगितले. चित्र मुळातच कमी प्रतीचे असते तेव्हा त्यात आपण आणखी दोषांची भर घालू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

फाइलप्रमाणे टीव्हीचा वेग बदलण्याची सोय कोडीमध्ये विंडोजवरही आहे, हे आपण लिहिलेत ते योग्यच आहे. ती नीट चालणे मात्र ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर अवलंबून असते, आणि चौथ्या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्ससाठी इंटेलने विंडोज ११ चा वेगळा ड्रायव्हर दिलेला नाही. जुन्यावरच भागवावे लागते. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या चिपचा अनुभव जुन्या वाचकांना आठवत असेल. २३.९७६ फ्रेमच्या चित्रपटासाठी ती बरोबर २४ हर्ट्झ पाठवत असे, आणि या नगण्य वाटणाऱ्या फरकामुळे दर चाळीसेक सेकंदांनी चित्र एकदा अडखळत असे.

मी लिनक्सची बाजू डोळे मिटून घेतो, असा आपल्या प्रतिक्रियेचा सूर आहे, म्हणून तिकडचे उणेही सांगतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोडीची १९ वी आवृत्ती पायथन ३ या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नव्या रूपावर गेली तेव्हा जुनी अ‍ॅड-ऑन्स एका रात्रीत निकामी झाली, आणि लिब्रेएलेक पुढच्या आवृत्तीवर नेणाऱ्यांना ते सोसावे लागले. लिब्रेएलेकचे फाइल-शेअरिंग आपण पासवर्ड घातला नाही तर विनापासवर्ड चालते, आणि दूरवरून आत शिरण्याची सोय चालू केली तर तिचा मूळ पासवर्ड सर्वांना ठाऊक असलेलाच असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा लागतो.

माझी सावधगिरी आली कुठून, हेही आपल्याला सांगायला हवे. २०१५ पर्यंत माझा टीव्ही विंडोज ७ च्या मीडिया सेंटरवर, म्हणजे रिमोटने टीव्ही आणि चित्रपट पाहण्याच्या अंगभूत प्रोग्रॅमवर, चालत असे. विंडोज १० मध्ये मीडिया सेंटर नसेल आणि जुन्यावरून वर गेल्यास ते काढून टाकले जाईल, हे त्या वर्षीच्या मे महिन्यातच जाहीर झाले होते. मी ते वाचले नव्हते. जुलैअखेर नवी प्रणाली आली, मी पहिल्याच आठवड्यात ती बसवली आणि घरातल्या सगळ्यांच्या हाताला बसलेला पडदा नाहीसा झाला. मागे जाण्याची मुदत तेव्हा महिनाभराची होती, म्हणून परत येता आले. आता ती दहा दिवसांची आहे, आणि टीव्हीच्या संगणकातली उणीव कधी कधी महिन्यातून एकदाच पाहिल्या जाणाऱ्या डिस्कपाशी कळते.

म्हणून आपल्या संगणकापुरते माझे सुचवणे असे आहे. चालू असलेल्या डिस्कवर काहीही वर चढवू नका. वाढीव अपडेट्सची नोंदणी करा, घरासाठी उघडे ठेवलेले फोल्डर केवळ वाचण्यापुरते ठेवा आणि त्या संगणकावर बँकेचे वा ई-मेलचे काम करू नका. मग एक वेगळी छोटी एसएसडी घेऊन तिच्यावर जे तपासायचे असेल ते बसवा, विंडोज ११ असो वा लिब्रेएलेक. लिब्रेएलेक बसवताना निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते, त्यामुळे जुन्या डिस्कची आणि चित्रपटांच्या डिस्कची केबल आधी काढून ठेवा. नवी प्रणाली निदान तीन आठवडे घरच्यांच्या हाती द्या: रिमोटने संगणक झोपेतून उठतो का, अ‍ॅम्प्लिफायरला आवाज पूर्वीच्याच रूपात पोहोचतो का, वीज जाऊन आल्यावर कोणाला काही दाबावे लागते का. या काळात विंडोज ११ ने सगळे नीट केले आणि दर वर्षी अपडेट हाताने चढवण्याची आपली तयारी असेल, तर त्यावर राहायला माझी हरकत नाही, आणि तसे झाल्यास कृपया इथेच लिहा; मी ते मूळ लेखात जोडेन.

आपल्याकडेही जुने ट्यूनर कार्ड असल्याचा उल्लेख आपण शेवटी केला आहे. ते केबलचे ॲनालॉग कार्ड असेल तर पुणे-नागपूरसारख्या शहरांत २०१३ च्या डिजिटायझेशननंतर ते कोणत्याच प्रणालीवर उपयोगाचे नाही. डीव्हीबी-एस२ असेल तर त्यावरच्या चिपचा क्रमांक कळवा; लिनक्स कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आहे की नाही ते पाहून मी आपल्याला सांगेन.