तारे पाहावे, की तारखा?

मे महिन्यात पवना धरणाच्या काठी तंबूत एक रात्र काढायचं घरात ठरलं. ठरवलं लेकीने, बुकिंग माझ्या गळ्यात. पवन मावळात हल्ली भातखाचरं मोजावीत की तंबू, असा प्रश्न पडतो. त्यातल्या प्रत्येकाला साडेचारच्या वर तारे! सगळेच पहिल्या नंबरात म्हटल्यावर मी गुणपत्रिका बाजूला ठेवून उत्तरपत्रिका तपासायला बसलो.

पाच तारेवाले 'नाइस प्लेस'च्या पुढे लिहीत नाहीत. एका ठिकाणी तर एकाच रविवारी अकरा जणांना जेवण 'अगदी घरच्यासारखं' लागलं होतं आणि त्या अकराही जणांनी जन्मात दुसऱ्या कशावर मत दिलेलं नव्हतं. मालकाच्या आत्येभावाचं वऱ्हाड असावं.

एक तारेवाल्यांत जीव होता. 'बारबेक्यूला पनीरचे माणशी चारच तुकडे.' तुकडे मोजणारा माणूस खोटं बोलत नाही. 'रात्रभर बेडूक ओरडत होते.' म्हणजे पाणी जवळ! 'दहाला गाणी बंद केली, पैसे वाया.' हे ऐकून बायको म्हणाली, "अहो, हेच करा बुक." फोटोत तंबूच्या दाराशी पाणी, मागे तुंग किल्ला, वर 'लेक टच' अशी अक्षरं.

पोचलो. तुंग जागेवर होता. पाणी नव्हतं. तंबूपुढे भेगाळलेली जमीन, तिच्यापुढे वाळका गाळ आणि त्याच्याही पलीकडे, चष्मा पुसल्यावर दिसेल एवढं, धरण.

"फोटो ऑगस्टचे आहेत, साहेब," मालक म्हणाले. "उन्हाळ्यात पाणी खाली जातं."

"जातं कुठे?"

"नदीत सोडतात. रावेतला उचलतात, पिंपरी-चिंचवडकरांना प्यायला."

आम्ही चिंचवडचे. आमच्याच नळाला येऊन गेलेलं पाणी बघायला आम्ही माणशी पैसे भरून आलो होतो. "दाढी करताना नळ बंद करा म्हणते, ते उगाच नाही," बायको म्हणाली.

रात्री मोबाइल काढून पाहिलं. बेडकांची तक्रार जुलैतली होती. तारे मोजण्याच्या नादात तारीख बघायची राहिली होती. गाणी मात्र खरंच दहाला थांबली. पनीरचे तुकडेही चारच निघाले.

घरी येऊन मी बाणेदारपणे दोन तारे दिले. पाच मिनिटांत फोन. "साहेब, काही चुकलं का आमचं? वहिनींना भजी आवडली होती ना?" आता या माणसाने लेकीला कणीस भाजून दिलेलं, निघताना गाडी उतारावरून काढून दिलेली. तोंडावर नाही म्हणणं आमच्या घराण्यात कोणाला जमलेलं नाही. दोनाचे चार केले. काही लिहायलाही हवं होतं, म्हणून लिहिलं, 'नाइस प्लेस.'

सकाळपर्यंत तिघांना ते उपयुक्त वाटलं होतं.