आरुषी केस, नाना आणि आमचा गुप्तहेर

“चार माणसं घरात. दोन मेली. उरली दोन. संपलं गणित!” गुप्तहेरानं हात झटकून निकाल लावला.

गुप्तहेर हे त्याचं कट्ट्यावरचं नाव. विषय नोएडातल्या आरुषी केसचा: मे 2008 मध्ये तेरा वर्षांची आरुषी आणि घरचा नोकर हेमराज यांचे खून, घरात उरलेले दोघं म्हणजे तिचे डॉक्टर आईबाप. दर पंधरवड्याला नवा व्हिडिओ बघतो आणि दर पंधरवड्याला त्याचा खुनी बदलतो. गेल्या वेळी तिच्या वडिलांचा कंपाउंडर होता, त्याआधी कुणीतरी ‘बाहेरचा मोठा माणूस’. या खेपेला पुन्हा आईबापांवर गाडी आली होती.

“हे गणित गाझियाबादच्या कोर्टानं आधीच सोडवलंय,” वकील म्हणाला. “नोव्हेंबर 2013, दोघांना जन्मठेप. ऑक्टोबर 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यावर लाल रेघ मारली. न्यायमूर्ती मिश्रांनी तर लिहून ठेवलंय की खालच्या न्यायाधीशांनी गणिताच्या मास्तरासारखं काही गोष्टी गृहीत धरून उत्तर काढलं.”

“गणिताच्या मास्तरांना यात ओढायचं काम नाही,” मास्तर चिडले. पस्तीस वर्षं त्यांनी दुसरं काही शिकवलं नाही.

“चुकीचं काय बोलले? तुम्ही आम्हाला ‘समजा एक्स’ म्हणूनच पास केलंत.”

“तुला मी पास केलेलं नाही. तू वरच्या वर्गात ढकलला गेलास.”

नाना इतका वेळ गप्प होते. नाना म्हणजे निवृत्त हवालदार, शेवटची बरीच वर्षं मुद्देमाल कारकून. खून म्हटलं की लोकांना सुरा दिसतो, नानांना पाकीट, चिठ्ठी आणि लाख दिसते.

“चार माणसं घरात होती, हे आधी सिद्ध कर,” ते म्हणाले. “हेमराजच्या खोलीला दारं किती?”

“एक. दोन. दोन असतील.”

“दोन. एक घरात उघडणारं, एक बाहेरच्या बाजूला. म्हणजे त्यानं आपल्या दारानं कुणाला आत घेतलं तर घरातल्यांना पत्ता लागेलच असं नाही. तुझ्या गणितात पाचवा, सहावा येऊ शकतो ना? मग चारातून दोन वजा कशाला करतोस?”

“पण बाहेरचं दार? सकाळी मोलकरीण आली तेव्हा—”

“त्या बाईंनी उलटतपासणीत कोर्टालाच सांगितलं की जे समजावलं तेच मी बोलतेय,” वकील मध्ये घुसला. “त्या साक्षीवर किती भार टाकायचा? आणि तुझं ते आवडतं कलम, 106. ‘घरात तुम्ही होतात, तुम्हीच सांगा काय झालं.’ एवढं सोपं नाही ते. 1956 मध्ये शंभुनाथ मेहरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आधी सरकार पक्षानं आपला पाया घालायचा, मग आरोपीला विचारायचं. पायाच नसेल तर आरोपीनं खुलासा दिला नाही म्हणून तो गुन्हेगार होत नाही. नव्या साक्ष अधिनियमात कलमाचा नंबर 109 झालाय, अर्थ तोच.”

“तांत्रिक मुद्द्यावर सुटले म्हणजे.”

“परिस्थितिजन्य पुराव्यात तांत्रिक असं काही नसतं रे बाबा! साखळीच पुरावा. एक कडी नसली की साखळी नाही. आपल्या पुण्याच्याच सारडा खटल्यात, 1984 मध्ये, पाच कसोट्या घालून दिल्यात. आरोपीनं केलं ‘असावं’ चालत नाही, केलंच ‘असलं पाहिजे’ लागतं. आणि दुसरं कुणी केलं असण्याची वाट प्रत्येक बाजूनं बंद झाली पाहिजे. इथे तर सताड उघड्या.”

“मग कंपाउंडर!” गुप्तहेरानं लगेच रूळ बदलले. “नार्कोत सगळं बाहेर आलं होतं. त्याच्या उशीच्या अभ्र्यावर हेमराजचं रक्त होतं. हैदराबादच्या लॅबचा रिपोर्ट आहे!”

मास्तर म्हणाले, “तो आणि आणखी दोन नोकर पकडले होते, त्या तिघांवर आरोपपत्रसुद्धा दाखल झालं नाही. सप्टेंबर 2008 मध्ये सुटले बिचारे. डॉक्टर लोकांच्या बाजूनं वकील उभे राहिले, पुस्तकं आली. या तिघांसाठी कोण बोललं? तू मात्र कट्ट्यावर बसून फाशी देतोस.”

“मी फाशी देत नाही, मी शक्यता मांडतो.”

“शक्यता मांडताना तुझा आवाज शेजारच्या गल्लीत जातो.”

“त्या अभ्र्याचंच बोलू,” नाना पुढे सरकले. कट्टा जरा शांत झाला, कारण नाना हा विषय सोडत नाहीत आणि सोडावा असंही वाटत नाही. “रिपोर्ट 2008 चा. त्यात कंपाउंडरच्या अभ्र्यावर हेमराजचा डीएनए. पुढे मार्च 2011 मध्ये लॅबचं पत्र येतं: टंकलेखनाची चूक, दोन वस्तूंच्या चिठ्ठ्यांचं वर्णन उलटसुलट झालं. एक अभ्रा कंपाउंडरकडचा, एक हेमराजच्याच खोलीतला. हेमराजच्या उशीवर हेमराजचं रक्त असेल तर त्याला काही किंमत नाही. दुसऱ्याच्या उशीवर असेल तर सगळी केस फिरते. आणि हा फरक कशावर ठरला? टायपिंगवर. दोन वर्षं उलटून गेल्यावर.”

“म्हणजे घोटाळा केला!”

“तुला घोटाळाच दिसणार. मला बेशिस्त दिसते, आणि बेशिस्त जास्त वाईट. घोटाळा करणारा निदान काळजीनं करतो.” नानांनी बोटं मोडायला घेतली. “रक्ताचं कापड कसं ठेवतात माहितीय? ओलं असेल तर आधी सावलीत वाळवायचं. उन्हात नाही, उन्हानं डीएनए खराब होतो. घडी घालायची तर मध्ये कोरा कागद, नाहीतर एका बाजूचा डाग दुसरीकडे उमटतो. मग कागदी पाकीट. प्लास्टिकच्या पिशवीत घातलंस की आत घाम धरतो, बुरशी येते, आणि लॅब लिहिते ‘नमुना तपासणीयोग्य नाही’. एका पाकिटात एकच वस्तू. दोन अभ्रे असतील तर दोन पाकिटं, आणि दुसऱ्याला हात लावण्याआधी हातमोजे बदलायचे. पाकिटावर चिठ्ठी: गुन्हा नंबर, वस्तूचा नंबर, कुठून उचलली. ‘खोलीतून’ असं नाही, कुणाच्या खोलीत, पलंगावर की जमिनीवर. पंचांच्या सह्या, वर लाखेचं सील. त्याच सिलाचा ठसा वेगळ्या कागदावर, तो लॅबला सोबत जातो. लॅबनं पाकीट उघडण्याआधी दोन्ही जुळवायचे आणि ‘सील शाबूत’ लिहायचं. मुद्देमाल रजिस्टरला नोंद. घेऊन जाणारा शिपाई कोण, कधी निघाला, कधी पोचला, पोच कुठाय.”

“आम्ही उलटतपासणीत आधी खुनाचं विचारतच नाही,” वकील खुशीत आला. “लाखेचं विचारतो. जप्ती कधीची, लॅबला कधी गेलं, मधले दिवस कुठे होतं, सील कुणाच्या ताब्यात. तिसऱ्या प्रश्नाला तपास अधिकाऱ्याला घाम फुटतो.”

“फुटतो. कारण वर्णन तीन ठिकाणी तीन माणसं लिहितात. पंचनाम्यात एक, पाठवणीच्या पत्रात दुसरा, लॅबमध्ये तिसरा. प्रत्येक जण मागचं बघून उतरवतो आणि नंबर स्वतःचा देतो. त्याच वस्तूला पोलिसांचा एक नंबर, पहिल्या लॅबचा दुसरा, दुसऱ्या लॅबचा तिसरा. तिथेच अदलाबदल होते. पाकिटाचा फोटो प्रत्येक टप्प्यावर काढला असता तर टायपिंगची चूक आठवड्याभरात सापडली असती.”

“तुम्ही खुनाच्या केसचं पोस्ट ऑफिस केलंत, नाना,” गुप्तहेर वैतागला.

“तू तिचा तमाशा केलास. पोस्ट ऑफिस परवडलं.”

मास्तर खूश होऊन मांडीवर थाप मारत म्हणाले, “गच्चीचं सांगा, गच्चीचं.”

गच्चीचं सगळ्यांना पाठ आहे, तरी नानांच्या तोंडून ऐकायला लोकांना आवडतं. 16 मे 2008 ची सकाळ. मुलगी घरात मेलेली, नोकर गायब. पोलिसांनी तिथल्या तिथे नोकराला खुनी ठरवून टाकलं. बक्षीस जाहीर, शोधायला माणसं रवाना. गच्चीच्या दाराला कुलूप, जिन्याकडे रक्ताचे डाग असल्याचं लोक सांगतायत, चावी सापडत नाही.

“तर कुलूप तोडायचं,” नाना म्हणाले. “एक हातोडा, दोन पंच, तीन मिनिटं. आणि कहर म्हणजे मुलीच्या खोलीतली गादी वर न्यायला निघाले, कुलूप बघितलं, आणि शेजारच्या गच्चीवर ठेवून आले! गादी वरपर्यंत पोचली, डोकं पोचलं नाही. दुसऱ्या दिवशी, 17 तारखेला, दार उघडलं तेव्हा ज्याला शोधायला माणसं धाडली तो तिथेच. मे महिना, नोएडाची गच्ची. एका दिवसाच्या उन्हात प्रेताचं काय होतं ते बोलत नाही. मृत्यूची वेळ, जखमांच्या कडा, सगळं धूसर. ज्या दिवशी दोन प्रेतं एकत्र वाचायची त्या दिवशी एकच वाचलं.”

“आणि खालच्या खोलीत जत्रा,” मास्तर म्हणाले.

“शेजारी, पाहुणे, पत्रकार, सगळे आत. टेबलावरच्या व्हिस्कीच्या बाटलीवर दोघांचं रक्त निघालं. घरात इतकी बोलकी वस्तू दुसरी नव्हती. ठसा कुणाचा, ते काही ठरलं नाही. बाटली कशी उचलतात? तोंडाची कड आणि बूड, दोन बोटांत. पोटाला हात नाही. आधी मोजपट्टी ठेवून फोटो, मग रेषा नाहीत तिथलं रक्त काडीवर घ्यायचं, मग पावडर. फडक्यात गुंडाळलीस की फडकंच ठसा पुसतं. खोक्यात उभी आवळून बसवायची, कशाला घासता कामा नये.”

“तुम्ही असतात तर केस सुटली असती,” गुप्तहेर टोमणा मारायला गेला.

“सुटली नसती कदाचित. पण आज तुला पाच खुनी निवडायला मिळाले नसते.”

गुप्तहेर इतक्यावर ऐकतो थोडाच. त्यानं नार्को परत काढलं. वकिलानं सेल्वी खटल्याचा निकाल काढला, 5 मे 2010: माणसाच्या मर्जीविरुद्ध नार्को नाही, आणि मर्जीनं केली तरी तिच्यातलं बोलणं पुरावा नाही. त्या माहितीवरून पुढे काही वस्तू सापडली तर तेवढीच साक्ष कायद्याच्या जुन्या कलम 27, म्हणजे आताच्या कलम 23 खाली वापरता येते.

“का पण? औषधात माणूस खोटं कसं बोलेल?”

“खोटं बोलत नाही, हो म्हणतो,” नाना म्हणाले. “पेंटोथलच्या गुंगीत माणूस प्रश्नातलाच शब्द उचलतो. प्रश्नात खुकरी असली तर उत्तरात खुकरी. आणि बघ, पहिल्या सीबीआय पथकाचं हत्यार खुकरी, दुसऱ्याचं गोल्फची काठी आणि डॉक्टरी चाकू. तो चाकू कुठे जप्त आहे? जखमा त्याच, प्रेतं तीच, पथक बदललं की हत्यार बदललं.”

“शवविच्छेदनाच्या डॉक्टरांचंही तसंच,” वकिलानं पुस्ती जोडली. “मूळ अहवालात जिथे काही विशेष नाही, तिथे पुढच्या प्रत्येक जबाबात एकेक वाक्य वाढत गेलं. उच्च न्यायालयाला ते पटलं नाही.”

“आणि पहिल्याच आठवड्यातली ती पत्रकार परिषद,” मास्तर म्हणाले. इथे त्यांचा आवाज खरंच चढला. “तेरा वर्षांच्या मेलेल्या पोरीच्या चारित्र्याबद्दल बोलला तो अधिकारी. नाव तरी नीट घ्यावं! श्रुती, श्रुती म्हणत होता.”

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग गुप्तहेर म्हणाला, “पण आता नवा कायदा आलाय ना. फॉरेन्सिकवाले येणारच जागेवर.”

वकिलानं मान डोलावली, कारण याचं एकदा तरी बरोबर होतं. 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलम 176 प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर जायचं, चित्रीकरण करायचं. कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचंही चित्रीकरण. फक्त तज्ज्ञांच्या भेटीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे.

“व्हॅन येईल रे,” नाना म्हणाले. “पण ती येईपर्यंत दारात उभा राहून नगरसेवकालासुद्धा ‘आत जायचं नाही’ म्हणणारा शिपाई कुठल्या कलमात आहे?”

“सीबीआयचं अपील 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दाखल करून घेतलंय,” वकील म्हणाला. “तोवर दोघं निर्दोष आहेत. ‘सुटले’ नाही, निर्दोष.”

“अपिलात मी सांगतो ते निघणार बघ,” गुप्तहेर म्हणाला.

“तू सांगतोस त्यातलं कुठलं?” मास्तर म्हणाले. “आणि तपासाची एवढी हौस आहे तर मंडळाच्या अँप्लिफायरचा लाव की शोध. दोन गणपती झाले.”

गुप्तहेराचा चेहरा पडला. अँप्लिफायर हा मंडळाचा जुना घाव आहे. खोलीला कुलूप होतं, कुलूप शाबूत होतं, अँप्लिफायर नव्हता. आणि खोलीची चावी त्या वर्षी कुणाकडे होती हे कट्ट्यावरच्या कुत्र्यालाही माहीत आहे.

“चला, कलम 106,” वकील सरसावून बसला. “खोली बंद, चावी तुझ्याकडे. तुझ्या खास माहितीतली गोष्ट आहे. सांग काय झालं.”

“असं कसं? आधी तुम्ही सिद्ध करा ना!”

“रजिस्टरला नोंद आहे का?” नानांनी विचारलं.

“नोंद कसली, मास्तर सेक्रेटरी होते! आणि मागच्या खिडकीला गज नाहीत. कुणीही बाहेरचा आत येऊ शकतो!”

“आला!” नाना ओरडले. “आला पाचवा माणूस!”

वकील हसता हसता कट्ट्यावरून घसरला. गुप्तहेर उठून चपला शोधायला लागला, त्यातली एक मास्तरांनी कधीच लपवली होती, आणि नाना त्याला विचारत होते, शेवटची पायात कधी होती, पंच कोण.