शाम्पू लावून दहा मिनिटं थांबा न भाऊ
एका लेखात मांजरीच्या गजकर्णावर (बुरशीच्या गोल चट्ट्यांवर) "औषधी शाम्पूने धुवा" एवढंच लिहिलंय, पण खरी गोष्ट तर वेळेची आहे न. मायकोनॅझोल-क्लोरहेक्सिडीनचा (बुरशी आणि जंतू मारणाऱ्या औषधांचा) शाम्पू लावून १० मिनिटं तसाच ठेवावा लागते, आम्ही दोन मिनिटांत धुवून टाकत होतो आणि वरून म्हणत होतो का औषध कामच करून नाही राह्यलं. त्याआधी तर घरातली माणसांची ट्यूब लावली, त्यात क्लोबेटासोल निघालं म्हणजे स्टेरॉइड, दोन दिवस लाली कमी आणि मग चट्टा डबल! शेवटी मांजरीला नागपुरात सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात नेलं, आठवड्यातून दोनदा आंघोळ आणि चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर. चादरी पण धुवा, गळलेल्या केसांवरची बुरशी महिनोन्महिने टिकते. माझ्याच हातावर गोल चट्टा उठला होता बाप्पा.