कापसाचं मंगलाष्टक ही टवाळी नाही: गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, नमस्कार.

पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली म्हणतात त्या ओळींवरच्या, म्हणजे झडत्यांवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “मंगलाष्टकासारख्या पवित्र गोष्टीची नक्कल करून हसणं ही संस्कृतीची टवाळी आहे. विडंबन हा स्वतःचं काही सुचत नाही त्यांचा उद्योग.” दोन्ही वाक्यं मनाला लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी त्या ओळी आधी देतो. आमच्या गावात तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असताना कॉलेजातल्या एका पोराने त्या म्हटल्या होत्या:

सारा कापुस आणला जिनवरी, ओला म्हणे शेट तो
काट्याशी दिन दोन वाट बघुनी, कुर्यात् सदा मंगलम्

(जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणारा कारखाना, काटा म्हणजे तिथला वजनकाटा.) गुरुजी, यात लग्नाला कोण हसलं? अक्षता हातात धरून ऐकायची ती चाल, ट्रॅक्टरच्या रांगेत थंडीच्या दोन रात्री काढलेल्या माणसाच्या तोंडी आली. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की सरकारी खरेदीतही दर कापतात, १२ च्या वर माल घेतच नाहीत. खासगीत कित्येकदा शेट मुठीत कापूस दाबून सांगेल तोच ओलावा. तोरणाखाली उभ्या असलेल्या प्रत्येकाने हे भोगलेलं. अशा जागी ‘मंगलम्’ आलं आणि सगळे हसले, ते स्वतःच्या त्या दोन रात्री आठवून. मंगलाष्टकाबद्दल त्यांच्या मनात आदर नसता, तर त्या ओळीत हसण्यासारखं काही उरलंच नसतं.

नक्कल माणसाची होते, त्याच्या चालण्याबोलण्याची. विडंबनाला मूळ रचना लागते. तिचं वृत्त आणि डौल सांभाळून आत भलताच मजकूर बसवायचा, आणि ऐकणाऱ्याच्या कानात मूळ वाजत राहिलं पाहिजे. हे उसनवारीचं काम वाटतं तितकं सोपं नाही. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडितात असतं: ओळीला १९ अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. केशवसुतांची ‘आम्ही कोण?’ याच वृत्तातली, आणि अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने तिचं विडंबन केलं तेही याच वृत्तात. तिथे रोख कवीपणाच्या ऐटीवर होता, आमच्या पोराचा काट्यावरच्या कारभारावर. केशवसुत त्यामुळे लहान झाले नाहीत. शंभरेक वर्षांनंतरही दोन्ही कविता लोकांना येतात. अन् संस्कृतीचंच म्हणाल, तर शृंगाराच्या अनुकरणातून हास्य जन्मतं असं भरताच्या नाट्यशास्त्रातच सांगितलं आहे.

एक गोष्ट लेखात राहून गेली होती. त्या पोराने आदल्या संध्याकाळी या ओळी ओसरीवर आजोबांना म्हणून दाखवल्या. आजोबांचं वय ऐंशीच्या पुढे, भावकीतल्या लग्नात अजून मंगलाष्टकं तेच म्हणतात. मी शेजारीच बसलो होतो. म्हातारा चिडेल असं मला वाटत होतं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मांडीवर बोटांनी ठेका धरला आणि पहिल्याच ओळीत थांबवलं. “जिनवर नोको म्हणू बाप्पा, जिनवरी म्हण. चाल मोडते.” मग स्वतः मूळ मंगलाष्टक पहिल्यापासून म्हणून दाखवलं, आणि पोराने त्यांच्या मागोमाग तीनदा म्हटलं. त्या घरात ते पुढच्या पिढीच्या तोंडी असं गेलं.

नक्कल करून हसणं ही टवाळी, हा तुमचा मुद्दा एका ठिकाणी मात्र पूर्ण मान्य. त्याच लेखात शेवटी दिलेली झडती तोतरं बोलणाऱ्या एका माणसावर होती. तिच्यात ना कुठली मूळ रचना, ना कुणा ताकदवानाला विचारलेला जाब. एका माणसाच्या जिभेची ती नक्कल होती आणि मी ती विडंबन म्हणून छापली. ती चूक माझी. कालच ती काढली, आणि त्यांच्या घरी जाऊन माफीही मागून आलो.